सोडणावरचा दुसरा पहारेकरी

आण्णा,

काल दिवस कलताना बांधावर गेलो. तुमच्या बाजूचं टोक मोकळं होतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की हा माणूस दिसत नाही म्हणजे नक्की कुठंतरी दबा धरून बसलाय. मी बाभळीच्या मागं बघितलं. खाली उतरून मोरीच्या तोंडाशी वाकून बघितलं. वर येताना एकदम आठवलं, की तुमच्या मळ्याच्या कडेला तुम्हाला अग्नी दिला तेव्हा मी तिथंच उभा होतो, आणि त्याला अजून महिनाही झालेला नाही. मग मुरमावर बसलो आणि अंधार पडेपर्यंत उठलो नाही.

गावात जो तो येऊन सांगतोय, "हवालदार, तुमचा दोस्त गेला." मी मान हलवतो. त्यांना काय सांगू? इतकी वर्षं रोज संध्याकाळी आपण दोघं त्या बांधावर बसत होतो ते गप्पा मारायला नव्हे. तुम्ही माझ्यावर नजर ठेवायला येत होता आणि मी तुमच्यावर. गप्पा मागाहून झाल्या, कारण दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघत किती वेळ बसणार?

मुळात त्या धरणाचाच संशय यावा असं होतं. मी पलटणीतून पेन्शनवर नुकताच घरी आलो होतो. दक्षिण सातारा म्हणायची सवय मोडून सांगली जिल्हा म्हणायला लोक शिकत होते. चावडीपुढं जीप थांबली, साहेब उतरले, नकाशा पसरला आणि म्हणाले, तुमच्या ओढ्यावर मातीचं धरण बांधायचं आहे. गाव खूश झालं. आपल्याकडं चार महिने पाण्याची मारामार, आणि सरकार स्वतःहून धरण देतंय! मग साहेबांनी पुढचं सांगितलं. हे धरण पाणी साठवायला नाही, पूर रोखायला आहे. बांधाच्या बुडातून एक दगडी मोरी असणार, तिला दार नाही, ती कायम उघडी. वरून लोंढा आला की बांध त्याला अडवणार, मोरीतून पाणी बेताबेतानं खाली जाणार आणि दोन-चार दिवसांत धरण पुन्हा कोरडं.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तुम्ही पुढं बसला होता, पांढरी टोपी, मांडीवर काठी. तुम्ही अगदी सावकाश विचारलंत, "सायेब, जे पानी धरतच न्हाई, त्येला धरन कसं म्हनायचं? सोडन म्हना की."

चावडी हसली. साहेबही हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव सोडण पडलं ते पडलंच. सरकारी कागदावर काय असेल ते असो, आजही कुणी विचारलं गुरं कुठं गेली, तर पोरं सांगतात, सोडणाच्या पोटात चरतायत.

पण हसून झाल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आलं. इथं कुठंतरी पाणी मुरतंय. सरकार एवढे गाडे, एवढी माणसं लावून रिकामं धरण कशाला बांधेल? कुणी म्हणालं, आत लष्कराचा दारूगोळा ठेवणार, आणि मी लष्करातला म्हणून सगळे माझ्याकडेच बघायला लागले. कुणी म्हणालं, पाणी मिळणार नाही पण पाणीपट्टी मात्र येणार. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त संशय तिथंच आला. बांध ज्या जागी येणार होता तिथली तुमची चांगली पट्टी त्यात जाणार होती. बाकीचे नुसते ऐकणारे होते, गमावणारे तुम्ही होता, आणि तुम्ही गप्प! मी घरी येऊन बायकोला, सरूला म्हणालो, "ह्या आण्णाच्या मनात काय हाय ते बघितलं पायजे."

आमची वस्ती बांधाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला अगदी चिकटून. दीक्षा घेतल्यापासून गावातले बरेच लोक बौद्धवस्ती म्हणायला लागले होते, काहींच्या तोंडातून जुनं नाव जात नव्हतं. पण नाव काही असलं तरी पूर आला की पहिल्यांदा आमच्याच चुली विझायच्या. म्हणून धरण व्हावं हे मला पाहिजेच होतं. तुमचा मळा बांधाच्या वर, आणि विहीर तर ओढ्याच्या काठालाच. आता सांगा, मोरी कुणी नुसती झाकली, धरणात पाणी तुंबलं, तर कुणाच्या विहिरीला पाझर फुटणार होता? आणि तेच पाणी बांध फोडून सुटलं, तर कुणाच्या घरावर येणार होतं? मी हा हिशेब धरणाला मुरमाची पहिली पाटी पडायच्या आतच करून ठेवला होता.

काम सुरू झालं. पोटात काळी माती, बाहेरून मुरूम, वर दगडी रूळ ओढणारे बैल. तुम्ही रोज येऊन उभे राहायचात. मीही. तेव्हा तुम्ही मला "काय रं" म्हणायचात आणि मी "काय न्हाई आण्णा" म्हणायचो, आणि आपलं बोलणं संपायचं.

बांध उभा राहिला आणि पुढच्याच पावसाळ्यात पुण्याचं धरण फुटल्याची बातमी आली. तेही मातीचंच. आमच्या वस्तीत त्या दिवशी कुणाला धड जेवण गेलं नाही. बायका दारात उभ्या राहून वर बघायच्या, तर समोर तो मुरमाचा ढिगारा. मी चावडीवर जाऊन डोकं फिरल्यासारखा बोललो. म्हणालो, "आमच्या उशाला हे मढं ठेवलंय. साहेब काढत नसतील तर एक दिवस मीच फोडून टाकीन." बोलून गेलो. पलटणीतल्या माणसाचा आवाज मोठा असतो. सगळ्यांनी ऐकलं, पण मनावर घेतलं ते फक्त तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर चढलो तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखेची बारीक रेघ. कुणी रात्रीतून चढलं तर पाऊल उमटावं म्हणून. ती राख तुमच्याच चुलीतली, दुसरं कुणाला इतकं डोकं चालणार? मला एवढा राग आला की मी मुद्दाम त्या रेघेवरून बूट दाबत दाबत पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. संध्याकाळी तुम्ही ते ठसे बघत उभे होता. मी म्हणालो, "माजं हायत. बघून घ्या नीट." तुम्ही म्हणाला, "वळखलं. सरकारी बूट हाय." आणि परत राख टाकलीत, माझ्यादेखत!

मीही काही कच्चा नव्हतो. मोरीच्या तोंडावर मी कडब्याचं एक ताट, ज्वारीचं वाळकं धाट, आडवं ठेवायला लागलो. ते हललेलं दिसलं की समजायचं, कुणीतरी हात घातला. रोज हललेलं असायचं. कधी वाऱ्यानं, कधी कुत्र्यानं, पण त्या वेळी मला त्यात तुमचाच हात दिसायचा. सरू म्हणायची, "तुमाला दुसरं काम न्हाई व्हय?" मी म्हणायचो, ही ड्यूटी आहे.

पहिल्या वर्षी तुम्ही तुमच्या टोकाला, मी माझ्या. मधे सगळा बांध. दुसऱ्या वर्षी कधीतरी, ऊन तोंडावर येतं म्हणून तुम्ही अलीकडं सरकलात. मग तुमचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून मी पलीकडं. तुम्ही विचारायचात, बर्फ पडतं म्हणजे नेमकं काय होतं, रायफलीचा धक्का खांद्याला कसा लागतो, तिकडच्या रानात काय पिकतं. मी विचारायचो, अंधार पडायच्या आत जेवायचं हे तुम्हा जैनांना कसं जमतं, कांदा न खाता भाकरी घशाखाली कशी उतरते. तुम्ही म्हणायचात, "उतरती की. खाऊन तर बगा." सूर्य माळाआड जायच्या आत तुम्ही जेवायला उठायचात. उठताना एकदा मोरीकडं बघायचात, एकदा माझ्याकडं. तुमच्या मागं मीही मोरीकडं बघायचो. "काय रं" चं "हवालदार" कधी झालं ते मला आठवत नाही. झालं तेव्हाही मला वाटलं, यात काहीतरी डाव असणार.

आणि मग तो हस्ताचा पाऊस. आमच्याकडं नुसती भुरभुर होती, पण वरच्या अंगाला रात्रभर कोसळत होता. फटफटायला लागलं आणि सरूनं मला हलवून उठवलं. "आवं, मोरी गप हाय."

वर पाऊस झाला की मोरी गर्जायची. त्या आवाजाची वस्तीला सवय झाली होती, त्या आवाजात पोरं गाढ झोपायची. ती गप्प म्हणजे पाणी खाली येत नाही, म्हणजे ते वर साठतंय. मी तसाच पळत वर गेलो. धरण काठोकाठ. लालभडक पाणी, त्यात झाडांच्या फांद्या, कुणाचा तरी कोंबड्यांचा खुराडा. सांडव्यावरून पाणी धो धो चाललेलं आणि तरी चढतंय. आणि बांधाच्या मधोमध तुम्ही. धोतर खोचलेलं, पाय चिखलानं भरलेले.

"तुमी कवा आला?" मी विचारलं.

"तुमी कवा आला?" तुम्ही विचारलंत.

माझ्या मनात एका क्षणात सगळं जुळलं. मोरी बुजलेली, हा माणूस माझ्याआधी इथं, विहीर ह्याची. मी तुमच्या गळ्याला हात घालणार होतो, आण्णा. पण तेवढ्यात खाली, वस्तीच्या बाजूला, बांधाच्या उतारावर एका जागी गढूळ पाणी झिरपायला लागलेलं दिसलं. तुम्हालाही दिसलं. मी ओरडून वस्तीला सांगितलं, पोरं-म्हातारी घेऊन माळावर चढा.

तुम्ही तुमच्या रानाकडं बघितलंत. बांधाच्या तुमच्याकडच्या टोकाशी तुमच्या शेताचा ताल होता, पाणी अडवणारी मातीची भिंत, आणि तालापलीकडं काढणीला आलेला भुईमूग. तो ताल फोडला की पाणी तुमच्या रानातून वळसा घालून वस्तीच्या खाली परत ओढ्याला मिळणार होतं. हे साहेबाच्या नकाशात नव्हतं. रान तुमचं होतं म्हणून तुम्हाला उतार ठाऊक होता. तुम्ही हाका मारून मुलांना, गड्यांना बोलावलंत. थोरला तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तुम्ही म्हणालात, "बगत काय ऱ्हायलास? हान कुदळ." आणि तो हलायच्या आत तुम्हीच पहिला घाव घातलात. मी तुमच्या शेजारी खोरं ओढत होतो. ताल फुटला, पाणी वेलांवर गेलं, शेंगांसकट वेल उपटून लाल पाण्यात फिरायला लागले. तुम्ही तिकडं पाठ केलीत आणि बांधाकडं बघत राहिलात. हळूहळू पाणी थांबलं, मग उतरलं. वस्तीच्या उंबऱ्याला ओल लागली, तेवढंच. एक मडकंसुद्धा फुटलं नाही.

त्या वेळी तुमचे पाय धरावेत असं मला वाटलं होतं. का धरले नाहीत सांगू? कारण मनात पाल चुकचुकत होती, की स्वतः केलेलं निस्तरायलाच हा माणूस एवढा धावला.

पाणी खाली गेल्यावर आपण दोघं बांबू घेऊन मोरीत खालच्या तोंडातून ढोसत बसलो. आत काहीतरी मऊ लागत होतं. एकदम ते सुटलं आणि पाण्याच्या लोटाबरोबर बाहेर येऊन आपल्या पायांशी पडलं. बाभळीच्या काट्यांत गुंडाळलेली वाकळ. चांगली जाडजूड, हिरव्या लुगड्याचे काठ लावून शिवलेली. काटे वाहून येतात, पण वाकळ? वाकळ कुणीतरी घरातून आणून कोंबावी लागते. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघत होता. आणि मग तुम्ही इतक्या घाईनं तिचं एक टोक उचललंत की माझी खात्रीच पटली. मी दुसरं टोक धरलं. एक शब्द न बोलता आपण ती वाकळ ओढ्याच्या धारेत सोडून दिली.

दुपारी साहेबांची जीप आली. त्यांनी विचारलं, मोरी कशानं तुंबली? तुम्ही गप्प. मी म्हणालो, "काट्याकुट्या अडकल्या साहेब." तुम्ही लगेच म्हणालात, "व्हय, बाभळीच्या." साहेब गेले. पुढं मोरीच्या तोंडाला लोखंडी गज बसले आणि विषय संपला. गावालाही आपण तेच सांगितलं, काट्याकुट्या.

मी का लपवलं ते तुम्हाला कधी बोललो नाही, आज बोलतो. भुईमुगापुढं माझी जीभ उचलली नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे तोवर तुम्ही मला आवडायला लागला होता. संशय होताच, तो कुठं गेला नव्हता, पण तो तुमच्यावर असावा आणि तुम्हीही असावं, असं झालं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा मला ठसका लागला तर तुम्ही तुमचा पितळेचा लोटा पुढं केलात. गाळलेलं पाणी, तुमच्या घरचं. मी वरून धार धरायला ओंजळ केली तर तुम्ही म्हणालात, "तोंड लावा की. काय हुतंय?" आमच्या गावात तुमच्या वयाच्या माणसानं माझ्यापुढं असा लोटा कधी केला नव्हता. मी प्यालो. आणि पिताना काय वाटलं सांगू? हा माणूस माझ्या गप्प बसण्याची परतफेड करतोय! ते पाणी गोड लागलं, आणि तरी मनात हेच. मीही मग कडेगावच्या बाजारातून येताना तुमच्यासाठी फुटाणे आणायला लागलो. तुम्ही पुडी हातात घेऊन आधी माझ्या तोंडाकडं बघायचात, मग एकेक दाणा खायचात. असं का बघता, हे मी कधी विचारलं नाही.

आपलं एक भांडण तर अर्धवटच राहिलं. त्या पुरानं तुमच्या मुरमाड रानात हातभर गाळ आणून टाकला आणि पुढच्या साली तिथं शाळू डोक्याच्या वर गेला. मी कणीस हातात धरून विचारलं, "आण्णा, खरं सांगा. ताल फोडला तो आमच्यासाठी, का गाळासाठी?"

तुम्ही खो खो हसलात. "तुमाला काय वाटतंय?"

"मला दोन्ही वाटतंय."

"मग दोन्ही धरा."

हे काय उत्तर झालं? दर सुगीला मी तेच विचारायचो आणि तुम्ही तसेच हसायचात. मी चिडून म्हणायचो, तुमच्या पोटातलं काढायला मोरीच पाडली पाहिजे. ह्या साली विचारायचं राहिलं. तुमच्या छातीत कळ आली, मुलांनी बैलगाडीतून रस्त्याला नेलं, तिथून मोटारीनं मिरजेला. मला कळलं तेव्हा गाडी निघून गेली होती. मला कुणी मुद्दाम कळवलं नाही का, हा संशयही मी दोन दिवस चघळत बसलो.

काल रात्री बांधावरून उठून तसाच तुमच्या कारभारणीला, आक्कांना भेटायला तुमच्याकडं गेलो. सोप्यात बसलो. आक्का म्हणाल्या, "मिरजंला असताना तुमचंच नाव हुतं तोंडात. म्हनाले, 'हवालदाराला म्हनावं, वाकळंचं मी कुनाला बोललो न्हाई. घोर करू नगा म्हनावं.' कसली वाकळ वं?"

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. तुम्ही बोलला नाहीत? तुम्ही? झाकून ठेवलं ते तर मी! तुमची वाकळ, तुमची मोरी, तुमची विहीर, आणि पोटात घातलं ते मी!

मी आक्कांना सगळं सांगितलं. कडब्याच्या ताटापासून साहेबांच्या जीपपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हंजी त्यानला वाटत हुतं मोरी तुमी बुजवली? बांद वाईट ठरावा, सरकारनं काढून न्यावा, म्हनून?"

"तसंच दिसतंय."

"आन तुमाला वाटत हुतं, त्यांनी बुजवली. हिरीच्या पान्यासाठनं."

मी मान खाली घातली.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या. हसता हसताच रडायला लागल्या. "आवं, त्या हस्तात वरच्या गावातल्या बायांची घटाची धुनी वाहून गेली न्हवं का! नवरात्र तोंडावर आलं हुतं. समद्या गावाच्या वाकळा वड्यात धुतल्या, आभाळ आलं, वाळंनात, वल्या वाकळा कुनाला उचलत्यात? काठावरच ठिवल्या. रातीत पूर आला आन समद्या गेल्या. काठाकाठानं हुडकत आमच्या दारापतूर आल्या हुत्या बाया. मीच च्या करून दिला."

"आक्का, मग हे आण्णांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? वाकळ घावली हे मला म्हाईत हुतं व्हय? काट्याकुट्या म्हनून तुमीच दोगांनी साऱ्या गावाला सांगितलं."

तुमच्याकडची धुणी भादव्यातल्या पर्युषण पर्वाच्या आधी उरकलेली असतात. आमच्या वस्तीनं दीक्षेपासून घट बसवायचं सोडलं, मग घटाची धुणी तरी कुठली? गावातल्या दुसऱ्या कुठल्याही घरच्या माणसानं ती वाकळ बघितली असती तर पहिल्या झटक्यात ओळखलं असतं की ही वरून वाहत आलीय. पण पहारा नेमका आपल्या दोघांचा होता.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आक्का मला बरं वाटावं म्हणून बोलत असतील, असं वाटेत मनात आलंच. म्हणून आज सकाळी उठून वरच्या गावाला गेलो. ओढ्याकाठी एक म्हातारी गोवऱ्या लावत होती. तिला विचारलं, मावशी, मागं एका हस्ताच्या पुरात इथल्या वाकळा गेल्या होत्या का? ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता इचारताय व्हय? तवा कोन काळं कुत्रं आलं न्हाई इचारायला. माज्या लेकीच्या बाळंतपनासाठनं शिवली हुती. माज्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचं काठ लावलं हुतं तिला." आणि मग एकदम तिचा आवाज बदलला. ती माझ्याजवळ आली. "का वं? घावली का कुटं?"

मी तिला काय सांगणार होतो, आण्णा? घावली होती, पण दोन शहाण्या माणसांनी एकमेकांना वाचवायला म्हणून तुझी वाकळ धारेत सोडून दिली, असं? मग म्हणालो, न्हाई मावशी, सहज विचारलं. सरू जुनी लुगडी काढून बसलीय, एक वाकळ शिवून तिला पोचती करीन, पण ते तिचं झालं. तुमचं काय करू?

सगळ्या वाटेनं मी मागचा एकेक दिवस पुन्हा काढून बघत आलो. तुम्ही फुटाण्याची पुडी घेऊन माझ्या तोंडाकडं का बघायचात, ते आज कळलं. तुम्हाला ती लाच वाटत होती, आणि तरी तुम्ही खात होता. माझ्या बायकापोरांच्या डोक्यावर पाणी साठवणारा माणूस मीच, असं धरून तुम्ही मला लोटा तोंडाला लावायला दिलात. आणि मिरजेच्या खाटेवर, बोलायला दम उरला नव्हता तेव्हा, तो माझी काळजी मिटवण्यात घालवलात. मी तर तुम्हाला एवढं माफ केलं होतं की मनाशी त्याचा मोठेपणा मिरवत होतो. तुम्ही त्याहून जास्त केलंत आणि मिरवलं नाहीत. मला तुमचा फार राग आलाय, आण्णा. आणि तुमच्यासारखा माणूस मला परत मिळायचा नाही, म्हणून रडायलाही येतंय.

एकदा, एकदाच, तुम्ही मला तोंडावर विचारायचं होतं. तुमच्या त्या सावकाश आवाजात, चावडीवर साहेबाला विचारलंत तसं. मी चिडलो असतो, ओरडलो असतो, आणि मग उत्तर दिलं असतं.

मी बुजवली नव्हती, आण्णा. एवढं ऐकायला तरी थांबायचं होतंत.